मुखपृष्ठ आणि त्यामागचा माणूस : आचार्य महावीरप्रसाद द्विवेदी

झाशी हे नाव उच्चारले की कोणत्याही मराठी मनासमोर एकच चित्र उभे राहते. मागे किल्ल्याची तटबंदी, पुढे उसळलेला घोडा, राणीच्या हाती तलवार आणि पाठीशी बांधलेले मूल. उत्तरेत वाढणाऱ्या आपल्या मुलांना शाळेच्या वार्षिक अंकाचे मुखपृष्ठ काढावयास सांगितले, तर पुष्कळांच्या कागदावर हेच चित्र उतरेल. त्यात गैर काहीच नाही. ज्या भूमीवर आपण राहतो तिचा अभिमान मुलांनी प्रथम चित्रातच व्यक्त करावा, हे स्वाभाविक आहे. परंतु मुखपृष्ठ हे अंकाचे केवळ पहिले पान नव्हे. ते वाचकाला दिलेले वचन असते. ते वचन आतल्या पानांनी पाळावे लागते, आणि ते पाळण्यासाठी कोणाला तरी आपले आयुष्य झिजवावे लागते. असे आयुष्य झिजवणारा एक माणूस याच झाशी शहरात होऊन गेला. तो राजघराण्यातला नव्हता, मराठीही नव्हता. तो रेल्वेच्या कचेरीतला एक कारकून होता, आणि मराठी भाषेचा मोठा चाहता होता. हिंदी साहित्याच्या इतिहासातील एका संपूर्ण कालखंडाला ज्यांचे नाव दिले गेले, त्या आचार्य महावीरप्रसाद द्विवेदी यांचे हे अल्पचरित्र सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

द्विवेदीजींचा जन्म 1864 साली रायबरेली जिल्ह्यातील दौलतपूर या लहानशा गावी झाला. वडील रामसहाय हे ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत शिपाई होते. 1857 साली पंजाबातील होशियारपूर येथे ती पलटण बिथरली, तेव्हा जीव वाचविण्यासाठी त्यांनी सतलज नदीच्या प्रवाहात उडी घेतली आणि पुढे अनेक हालअपेष्टा सोशीत ते कसेबसे घरी पोहोचले. नंतर पोटासाठी ते मुंबईस गेले व वल्लभसंप्रदायाच्या एका गोस्वामींच्या पदरी राहिले. म्हणजे ज्या उठावाने झाशीचे राज्य धुळीस मिळाले, त्याच उठावाने या कुटुंबाची वाटही बदलली. आणि त्या बदललेल्या वाटेनेच पुढे हा मुलगा मुंबईस, मराठीच्या सहवासात येऊन पोहोचला.

वडील मारुतीचे भक्त, म्हणून मुलाचे नाव महावीरसहाय ठेवले होते. गावच्या शाळेतील गुरुजींनी दाखल्यावर चुकून महावीरप्रसाद असे लिहिले आणि तेच नाव जन्मभर चिकटले. ज्यांनी पुढे अवघ्या हिंदी जगाच्या लेखनातील चुका शोधून दुरुस्त केल्या, त्यांचे स्वतःचे नाव मात्र एका शिक्षकाच्या लेखणीच्या चुकीतून घडले, हा योग मौजेचा खरा!

घरची गरिबी विलक्षण होती. तेराव्या वर्षी इंग्रजी शिकण्यासाठी त्यांना रायबरेलीच्या जिल्हा शाळेत जावे लागले. घरून पीठ व डाळ पाठीवर बांधून ते पायी जात, आणि शहरात स्वतःच्या हाताने अन्न शिजवून शिकत. संस्कृत शिकण्याची इच्छा होती, परंतु त्या शाळेत तशी सोय नव्हती, म्हणून फारशी घ्यावी लागली. पुढे पुरवा, फतेहपूर व उन्नाव येथील शाळांतून थोडे थोडे शिक्षण झाले आणि तेथेच ते संपले. कोणत्याही विद्यापीठाची पदवी त्यांना मिळाली नाही. अजमेर येथे 15 रुपये पगाराची नोकरी काही काळ करून ते वडिलांकडे मुंबईस गेले. तेथे त्यांनी तारयंत्राचे काम शिकून घेतले, आणि त्याचबरोबर इंग्रजी, संस्कृत, गुजराती व मराठी या भाषांचा अभ्यास आरंभिला.

मुंबईत आलेल्या परप्रांतीय तरुणाने कामापुरते मराठी बोलणे शिकावे, यात नवल नाही. द्विवेदीजी तेवढ्यावर थांबले नाहीत. ते मराठी ग्रंथ वाचू लागले. त्या काळी मराठीत नियतकालिकांचा संसार चांगलाच मांडला गेला होता. 'विविधज्ञानविस्तार' 1867 पासून निघत होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' 1874 ते 1881 या काळात निघून गेली होती आणि तिने मराठी गद्याला नवे बळ दिले होते. याच चिपळूणकरांनी 1878 साली पुण्यात चित्रशाळा छापखाना काढण्यात पुढाकार घेतला, आणि देवादिकांची व ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रे तेथून छापून घरोघर जाऊ लागली. लेख आणि चित्र ही दोन्ही लोकशिक्षणाची साधने आहेत, हे चिपळूणकरांनी ओळखले होते. द्विवेदीजींनी पुढे या मराठी निबंधकाराचे चरित्र हिंदी वाचकांसाठी लिहिले, यावरून त्यांच्या मनात कोणता आदर्श होता याची कल्पना येते.

रेल्वेच्या नोकरीत द्विवेदीजी तारबाबू म्हणून शिरले. खांडवा, हरदा, होशंगाबाद, इटारसी अशा ठिकाणी त्यांच्या बदल्या होत गेल्या. वक्तशीरपणा, लाच न घेणे, आपले काम सचोटीने करणे आणि ज्ञान सतत वाढवीत राहणे, ही चार तत्त्वे त्यांनी स्वतःपुरती ठरवून घेतली होती. त्या बळावर ते भराभर वर चढले. इंडियन मिडलंड रेल्वे उभी राहत होती, आणि झाशी हे तिचे मुख्य ठाणे होते. तेथील इंग्रज अधिकाऱ्याने त्यांना मुद्दाम बोलावून तारखात्याच्या तपासनिसाची जागा दिली. तारयंत्राच्या कामावर त्यांनी इंग्रजीत एक पुस्तकही लिहिले. 1900 साली ही रेल्वे जी.आय.पी. रेल्वेत विलीन झाली, तेव्हा काही दिवस त्यांना मुंबईस जावे लागले. परंतु तेथे मन रमेना, म्हणून ते झाशीस परत आले आणि जिल्हा वाहतूक अधीक्षकांच्या कचेरीत मुख्य कारकून झाले. येथेच बंगाली सहकाऱ्यांकडून त्यांनी बंगाली भाषा शिकून घेतली.

झाशीत नेवाळकरांच्या काळी विद्येचा व कलेचा मोठा आदर होता. राजवाड्यातील ग्रंथसंग्रह नावाजलेला होता. 1858 च्या एप्रिलमध्ये शहर पडले व लुटले गेले, त्या वेळी तो संग्रह नष्ट झाला. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी आपल्या प्रवासवृत्तात ती हकीकत हळहळून सांगितली आहे. त्यानंतर चार तपेही उलटली नाहीत, तोच त्या शहरातील एका कारकुनाच्या बिऱ्हाडी संस्कृत, मराठी, गुजराती, बंगाली, उर्दू व इंग्रजी अशा अनेक भाषांचे ग्रंथ पुन्हा जमू लागले. राजाश्रय गेला होता. आता विद्येला कारकुनाच्या पगाराचा आश्रय मिळाला होता.

द्विवेदीजींच्या आयुष्याला कलाटणी मिळाली ती एका शालेय पुस्तकामुळे. झाशीच्या तहसील शाळेतील एका शिक्षकाने मुलांना लावलेले हिंदीचे तिसरे वाचनपुस्तक त्यांच्याकडे आणले आणि त्यातील अनेक दोष दाखविले. मुलांच्या हाती असे पुस्तक पडावे याचे त्या शिक्षकाला वाईट वाटत होते. द्विवेदीजींनी पुस्तक बारकाईने वाचले, तक्रार खरी असल्याची खात्री करून घेतली आणि त्या पुस्तकाची समालोचना लिहून 1899 साली स्वतंत्र पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. वाचनपुस्तकाची मालकी प्रयागच्या इंडियन प्रेसकडे होती. दुसरा एखादा प्रकाशक असता तर त्याने वैर धरले असते. परंतु इंडियन प्रेसचे संस्थापक चिंतामणी घोष हे निराळ्या घडणीचे गृहस्थ होते. आपल्या पुस्तकातील दोष दाखविणाऱ्या माणसाचा त्यांना राग आला नाही. उलट अशा माणसाच्याच हाती आपले मासिक सोपवावे, असे त्यांच्या मनाने घेतले. टीका करणाऱ्याची योग्यता आणि टीका सोसणाऱ्याचे मोठेपण, ही दोन्ही एकत्र आली म्हणून पुढचा इतिहास घडला.

हे मासिक म्हणजे 'सरस्वती'. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या अनुमोदनाने जानेवारी 1900 मध्ये ते सुरू झाले. त्याच्या पहिल्या अंकाचे मुखपृष्ठ पाहण्यासारखे होते. वरच्या भागी वीणाधारिणी सरस्वती. तिच्या खाली एका बाजूस सूरदास, दुसऱ्या बाजूस तुलसीदास. आणि तळाशी राजा शिवप्रसाद व भारतेंदु हरिश्चंद्र हे अर्वाचीन काळातील दोन लेखक. एवढ्या एका पानावर मासिकाने आपला सारा मनोदय सांगून टाकला होता. विद्येची देवता वर, तिच्या खालोखाल संतकवींची परंपरा, आणि पायाशी नव्या गद्याचे प्रवर्तक. वाचकाला लिहिता-वाचता येत असो वा नसो, त्या पानावरून त्याला कळावे की ही भाषा जुनी आहे आणि आता ती नव्या कामासाठी उभी राहत आहे. शाळेच्या अंकाचे मुखपृष्ठ करणाऱ्यांनी या रचनेकडे लक्ष द्यावे. तेथे शोभेसाठी म्हणून काही नव्हते; प्रत्येक चित्राला त्या जागी असण्याचे कारण होते.

परंतु मुखपृष्ठाने दिलेले हे वचन पाळणे सोपे नव्हते. सूरदास-तुलसीदासांच्या चित्राखाली नव्या लेखकाने काय लिहावयाचे, आणि कोणत्या भाषेत? कविता अजून ब्रजभाषेत होत होती, गद्य खडीबोलीत होत होते, आणि त्या गद्यातही शुद्धलेखनाचा, विरामचिन्हांचा व व्याकरणाचा मेळ नव्हता. पहिल्या वर्षी पाच जणांच्या मंडळाने संपादन केले. पुढची दोन वर्षे श्यामसुंदरदासांनी ते एकट्याने सांभाळले. जानेवारी 1903 पासून ही जबाबदारी झाशीच्या रेल्वे कचेरीतील मुख्य कारकुनावर आली.

आरंभी द्विवेदीजींनी नोकरी सोडली नाही. दिवसा रेल्वेचे काम आणि उरलेल्या वेळात मासिकाचे. मासिकाबद्दल त्यांना दरमहा 20 रुपये मिळत आणि टपालखर्चासाठी 3 रुपये वेगळे. लेख, चित्रे, मुद्रिते यांची ये-जा झाशी व प्रयाग यांच्यामध्ये डाकेनेच होत असे. संपादक एका शहरात आणि छापखाना दुसऱ्या शहरात, अशी ही व्यवस्था होती. अशा वेळी अंक महिन्याच्या महिन्याला निघावा हीच मोठी गोष्ट. द्विवेदीजींनी त्यावर उपाय केला तो रेल्वेतील माणसाला शोभणारा होता. पुढील सहा महिन्यांचा मजकूर ते नेहमी तयार ठेवीत. छापखान्याचे यंत्र मोडले तर गोष्ट वेगळी, परंतु संपादकामुळे अंक उशिरा निघाला असे कधी होता कामा नये, हा त्यांचा कटाक्ष होता. गाडी वेळेवर सुटली पाहिजे, तसे मासिकही वेळेवर सुटले पाहिजे!

चित्रांच्या बाबतीतही त्यांची दृष्टी सावध होती. त्या काळी मासिकात चित्र छापणे हे खर्चाचे काम होते. मजकुराचे खिळे हाताने जुळवीत; चित्रासाठी मात्र धातूचा ठसा स्वतंत्र तयार करावा लागे. साध्या रेषांच्या चित्राचा ठसा स्वस्त पडे. छायाचित्रातील उजेड-अंधार उतरवावयाचा तर बारीक ठिपक्यांचा हाफटोन ठसा लागे आणि त्यासाठी गुळगुळीत कागदही हवा. रंगीत चित्र असेल तर प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा, आणि ते सारे एकावर एक नेमके बसले पाहिजेत. केसभर सरकले तरी चेहरा विद्रूप होतो. म्हणून चित्र निवडताना ते केवळ सुंदर आहे एवढे पाहून भागत नसे. ते वाचकाला काय देते, हे पाहावे लागे.

संपादकत्वाच्या आगेमागे, म्हणजे 1902 व 1903 या वर्षांत, 'सरस्वती'त साहित्यविषयक व्यंगचित्रे येऊ लागली. त्यांची कल्पना द्विवेदीजींची असे आणि चित्रकार त्यांच्या सांगण्याप्रमाणे ती काढीत. मातृभाषेची उपेक्षा करून इंग्रजीच्या मागे लागलेले सुशिक्षित, नायिकाभेदातच गुंग झालेले कवी, अर्धवट ज्ञानावर लेखणी परजणारे समालोचक, असे विषय त्यांत असत. लांबलचक लेखाने जे साधले नसते ते एका पानाच्या चित्राने साधले. काही मंडळी दुखावली आणि पुढे ही चित्रे थांबली. परंतु स्वतः कुंचला हाती न धरणाऱ्या संपादकालाही चित्राचा विचार करता आला पाहिजे, हे त्यातून दिसून आले.

पुढे 'सरस्वती'मधून राजा रविवर्मा व इतर चित्रकारांची चित्रे छापली जाऊ लागली. मुंबईत 1894 साली सुरू झालेल्या रविवर्म्यांच्या छापखान्याने देवदेवतांची व पुराणप्रसंगांची चित्रे घरोघर नेली होतीच. द्विवेदीजींनी त्यात एक नवी भर घातली. चित्र छापून सोडून न देता, त्या चित्रावर कविता लिहावयास ते कवींना सांगू लागले आणि स्वतःही लिहू लागले. चित्र पाहून वाचक थांबावा, आणि थांबलेल्या वाचकाने कविता वाचावी, अशी ही योजना होती. अशा सचित्र कवितांचा 'कविता-कलाप' नावाचा संग्रह 1909 साली प्रसिद्ध झाला. त्यात द्विवेदीजींसह पाच कवींच्या रचना आहेत.

आता झाशीतील त्या निर्णायक प्रसंगाकडे वळू. कचेरीत एक नवा गोरा अधिकारी आला. त्याने द्विवेदीजींना हुकूम सोडला की हाताखालच्या कारकुनांना घेऊन त्यांनी रोज सकाळी 8 वाजता हजर व्हावे आणि 10 वाजता सारे कागद तयार ठेवावेत. आपण स्वतः येण्यास द्विवेदीजींची ना नव्हती. परंतु इतरांवर ती सक्ती आपल्या हातून होणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. शब्दाने शब्द वाढला आणि त्यांनी राजीनामा दिला. राजीनामा परत घ्यावा म्हणून पुढे त्यांची मनधरणीही झाली. घरी येऊन त्यांनी पत्नीचे मत विचारले. त्या फारशा शिकलेल्या नव्हत्या, परंतु एकदा थुंकलेले कोणी पुन्हा चाटते काय, असा उलट प्रश्न विचारून त्यांनी पतीचा निश्चय कायम केला. मिळेल तेवढ्यात संसार चालविण्याची तयारी त्यांनी दाखविली. त्या वेळी द्विवेदीजींना भत्त्यासह सुमारे 200 रुपये मिळत होते. त्यावर पाणी सोडून, 1904 साली, ते 23 रुपयांच्या संपादकत्वावर राहिले. झाशी सोडून ते कानपूरजवळच्या जुही या वस्तीत राहावयास गेले, आणि पुढची वर्षे 'सरस्वती' तेथूनच संपादित झाली.

जाण्यापूर्वी झाशीने त्यांना एक शिष्य दिला. झाशीपासून जवळच चिरगाव येथे मैथिलीशरण गुप्त नावाचा एक तरुण राहत होता. त्याने झाशीस येऊन द्विवेदीजींची भेट घेतली. तो ब्रजभाषेत कविता करीत असे. 'सरस्वती'त छापावयाचे तर खडीबोलीत लिहिले पाहिजे, असे त्यांनी त्याला बजावले. तरुणाने खडीबोलीत 'हेमंत' ही कविता लिहून पाठविली. ती 1905 साली छापून आली तेव्हा तिचे रूप पालटलेले होते. शब्द, वृत्त, व्याकरण, सर्वत्र संपादकाचा हात फिरला होता. कवीने आपली मूळ प्रत व छापील प्रत शेजारी ठेवून ताडून पाहिली, आणि त्या ताडण्यातच त्याचे खरे शिक्षण झाले. हाच तरुण पुढे 'भारत-भारती' व 'साकेत' लिहून राष्ट्रकवी म्हणून गौरविला गेला. रामकथेतील उर्मिलेकडे कवींनी दुर्लक्ष केले, या विषयावरील द्विवेदीजींच्या 1908 च्या लेखातून 'साकेत'ची प्रेरणा मिळाली, हे सर्वविदित आहे.

'सरस्वती'कडे येणारा बहुतेक प्रत्येक लेख द्विवेदीजी असाच तपाशीत. काही हस्तलिखितांत मूळ मजकुरापेक्षा दुरुस्त्याच अधिक दिसतात. अशी हस्तलिखिते काशीच्या नागरी प्रचारिणी सभेला लाभली. लेखकाचे नाव कायम राही, श्रम मात्र संपादकाचे असत. त्यांच्याही हातून चूक होई. 1905 साली भाषा व व्याकरण या विषयावर लिहिताना त्यांनी अनस्थिरता हा शब्द वापरला. कलकत्त्याच्या 'भारतमित्र'चे संपादक बालमुकुंद गुप्त यांनी त्यावरून त्यांची यथेच्छ थट्टा केली आणि मोठा वाद माजला. परंतु या वादाचाही लाभ असा झाला की हिंदी वाचक व्याकरणाचा विचार करू लागले.

मराठी वाचकांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की द्विवेदीजींनी आपल्या भाषेचे घर भरताना शेजारच्या घराकडे डोळे उघडे ठेवून पाहिले. अर्थशास्त्रावर 1908 साली 'संपत्तिशास्त्र' लिहिताना त्यांनी इंग्रजीबरोबर मराठी, बंगाली इत्यादी भाषांतील ग्रंथांचाही उपयोग केला. हर्बर्ट स्पेन्सरच्या शिक्षणविषयक ग्रंथाचा अनुवाद त्यांनी 1906 साली हिंदीत आणला. मराठी मातृभाषा असलेल्या माधवराव सप्रे यांनी 1900 सालीच पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले होते. त्यांचे लेखन 'सरस्वती'त सन्मानाने छापले गेले. पुढे सप्र्यांनी 'दासबोध' व टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले. चिंतामणी घोष हे प्रयागला स्थायिक झालेले बंगाली. त्यांच्याच छापखान्यात 1901 सालापासून रामानंद चट्टोपाध्याय यांचे बंगाली मासिक छापले जाऊ लागले, आणि घरापासून दूर राहणाऱ्या बंगाल्यांसाठी त्याचे नाव 'प्रवासी' असे ठेवण्यात आले. म्हणजे आपला प्रांत सोडून आलेली माणसेच त्या काळी आपल्या वा परक्या भाषेच्या सेवेत पुढे होती. प्रवासात भाषा हरवते असे आपण म्हणतो. या मंडळींना ती प्रवासातच गवसली!

'सरस्वती'ची पाने द्विवेदीजींनी विस्तृत ठेवली. इतिहास, विज्ञान, पुरातत्त्व, चरित्रे, प्रवास, अर्थकारण, असे सारे विषय त्यांत येत. सप्टेंबर 1914 च्या अंकात त्यांनी हीरा डोम यांची अस्पृश्यांचे दुःख सांगणारी भोजपुरी कविता छापली. 1915 साली चंद्रधर शर्मा गुलेरी यांची 'उसने कहा था' ही कथा येथेच आली, आणि 1916 साली प्रेमचंदांची 'पंच परमेश्वर'. मुखपृष्ठावर सूर आणि तुलसी यांना बसविणाऱ्या मासिकाने आतल्या पानांत या नव्या लेखकांना जागा दिली, तेव्हा कोठे त्या मुखपृष्ठाचे वचन पुरे झाले.

मुलांच्या पुस्तकावरील टीकेने ज्यांची संपादकीय कारकीर्द सुरू झाली, त्यांनी मुलांना विसरणे शक्य नव्हते. द्विवेदीजींनी 1911 च्या सुमारास स्वतःच हिंदीची पहिली पुस्तके व प्राथमिक शाळांची वाचनपुस्तके लिहिली. दुसऱ्याचे दोष दाखविणाऱ्याने स्वतः काम करून दाखवावे, हा न्याय त्यांनी स्वतःला लावला. मराठीत वासुदेव गोविंद आपटे यांनी 1906 साली मुलांसाठी 'आनंद' मासिक सुरू केले होते. हिंदीत इंडियन प्रेसने जानेवारी 1917 पासून 'बालसखा' काढले, आणि त्याचे पहिले संपादक बदरीनाथ भट्ट होते. प्रौढांच्या मासिकाने जी शिस्त घालून दिली होती, तिच्या छायेत मुलांचे मासिक वाढले.

द्विवेदीजींचे खाजगी जीवन मात्र एकाकी होते. त्यांना अपत्य नव्हते. 1912 साली पत्नी निवर्तल्या. राजीनाम्याच्या दिवशी पाठीशी उभ्या राहिलेल्या या स्त्रीचे स्मृतिमंदिर त्यांनी दौलतपूर येथे बांधले. त्यात लक्ष्मी व सरस्वती यांच्या मूर्ती बसविल्या आणि त्या दोघींच्या मध्ये पत्नीची मूर्ती. गावकऱ्यांनी नावे ठेवली, हसणारे हसले. त्यांनी पर्वा केली नाही. विद्येची देवता त्यांनी मासिकात पूजिली होती. तिच्या शेजारी बसण्याचा अधिकार ज्या व्यक्तीने आपल्या त्यागाने मिळविला होता, तिला त्यांनी तेथे बसविले.

अतिश्रमाने प्रकृती ढासळली होती. 1910 साली त्यांना वर्षभर विश्रांती घ्यावी लागली. 1920 च्या अखेरीस त्यांनी 'सरस्वती'चा कायमचा निरोप घेतला. इंडियन प्रेसने त्यांना दरमहा 50 रुपये निवृत्तिवेतन दिले. दौलतपुरास जाऊन ते गावच्या पंचायतीचे सरपंच झाले, लोकांचे तंटे सोडवू लागले, शेतीत लक्ष घालू लागले. 1933 साली काशीच्या सभेने त्यांना अभिनंदनग्रंथ अर्पण केला आणि त्याच वर्षी प्रयाग येथे त्यांच्या सन्मानार्थ मोठा मेळावा भरला. 21 डिसेंबर 1938 रोजी रायबरेली येथे त्यांचे देहावसान झाले.

या चरित्रातून आपण काय घ्यावे? आपल्या मंडळांतून, शाळांतून मुलांचे अंक निघतात. कधी छापील, कधी हस्तलिखित. मुखपृष्ठ कोणी काढावे यावरून चुरस लागते, आणि ती लागावी. त्या वेळी मुलांना तीन गोष्टी सांगता येतील. पहिली, वाचक कोण आहे ते आधी ठरवा. पहिलीतल्या मुलाला आणि मॅट्रिकच्या विद्यार्थ्याला एकच चित्र सारखे बोलत नाही. दुसरी, चित्रातील प्रत्येक वस्तू तेथे का आहे, हे तुम्हांला सांगता आले पाहिजे. अंकाचे नाव लांबून वाचता आले पाहिजे, आणि त्याची देवनागरी अक्षरे वळणदार व निर्दोष असली पाहिजेत. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, जे मुखपृष्ठावर दाखवाल ते आत असू द्या. राणीचे चित्र काढले असेल तर आत तिच्याविषयी कोणीतरी स्वतः वाचून, पडताळून लिहिलेला एक तरी लेख हवा. नाहीतर ते चित्र केवळ शोभेचे राहते.

घरापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांत मराठी कशी टिकेल, ही चिंता आपल्या प्रत्येक वार्षिक सभेत व्यक्त होते. आपली मुले शाळेत हिंदी शिकतात, घरी मराठी बोलतात, आणि कधी कधी दोन्ही अर्धवट राहतात की काय अशी भीती वाटते. द्विवेदीजींचे उदाहरण या बाबतीत धीर देणारे आहे. शेजाऱ्याची भाषा मनापासून शिकल्याने त्यांची स्वतःची भाषा दुबळी झाली नाही; ती अधिक संपन्न झाली. मात्र त्यासाठी त्यांनी रोज, नेमाने, वेळेवर काम केले. मुलांचा अंक दरवर्षी ठरलेल्या तिथीला निघाला, त्यातील शुद्धलेखन कोणा जाणत्याने ओळीओळीने तपासले, आणि मुलांनी आपला मूळ लेख व दुरुस्त केलेला लेख शेजारी ठेवून वाचला, तर आपल्याही घरांतून भाषा टिकेल. झाशीच्या त्या कारकुनाने आपल्या भाषेसाठी जे केले, त्यातील एवढा अंश तरी आपल्याला करता येण्याजोगा आहे.